धंद्याची वाढ आणि सल्लागाराची निवड

धंदा नव्याने सुरू करणाऱ्यास सल्ला देणारे थोडे भेटतात. परंतु तोच धंदा चार पैसे मिळवू लागला आणि मालकाच्या मनात तो वाढविण्याचा विचार घोळू लागला, म्हणजे सल्ल्याचा जणू पूर लोटतो. मेहुणे म्हणतात, दुसऱ्या गावी शाखा काढा. यंत्रे विकणारा म्हणतो, मोठे यंत्र घ्या. बँकेतील ओळखीचा अधिकारी म्हणतो, कर्ज मंजूर होण्यास हरकत नाही. शेजारचा दुकानदार सांगतो, माल उत्तम आहे, उणीव आहे ती जाहिरातीची. यांपैकी कोणी अप्रामाणिक असतो असे नव्हे. प्रत्येकाचे सांगणे आपापल्या परीने खरेही असते. परंतु ही सारी निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे होत, आणि आपला प्रश्न कोणता हे मालकाने अद्याप ठरविलेलेच नसते. योग्य सल्लागाराची निवड ही वस्तुतः योग्य प्रश्नाच्या निवडीपासून सुरू होते.

उदाहरणादाखल, तालुक्याच्या गावी मसाल्याचा धंदा करणारा एखादा गृहस्थ घ्यावा. त्याच्या मालकीचा मिरची कांडपाचा एक डंक आहे, पाच-सहा बाया कामावर आहेत, आणि आसपासच्या दुकानदारांकडे महिन्याकाठी दोन लाख रुपयांचा माल जातो. मागणी वाढते आहे आणि डंक अपुरा पडतो आहे. तेव्हा दुप्पट काम देणारी नवी यंत्रसामग्री घ्यावी, हा विचार सरळ दिसतो. यंत्रांची माहिती असलेल्या मनुष्याचा सल्ला तो घेतो, कर्ज काढतो, आणि यंत्र येऊन उभे राहते. सहा महिन्यांनी पाहावे तो यंत्र रिकामे, कारण मिरची-धने विकत घेण्यास हाती पैसा नाही! हे कसे घडले? दुकानदार मालाचे पैसे दोन महिन्यांनी देतात. म्हणजे विक्री दोन लाखांची असताना चार लाख रुपये नेहमीच लोकांकडे अडकलेले असत. विक्री दुप्पट झाली तशी ही येणे रक्कम आठ लाखांवर गेली. रुपयाच्या विक्रीत ऐंशी पैसे खर्चाचे धरले, तरी आणखी तीन लाख वीस हजारांचे रोख भांडवल या उधारीत गुंतले, आणि यंत्राच्या कर्जात त्याची तरतूद कोणीच केली नव्हती. त्यातून मिरचीची खरेदी हंगामात, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी, एकदमच करावी लागते. तीही दुप्पट झाली. विक्री वाढत असता, वह्यांत नफा दिसत असता धंदा बसतो तो अशा रीतीने.

या गृहस्थास यंत्रज्ञाचा सल्ला चुकीचा मिळाला असे म्हणता येणार नाही. यंत्र चांगलेच होते. त्याला गरज होती ती वही वाचू शकणाऱ्या मनुष्याची. केवळ कर भरण्यापुरती वही लिहिणाऱ्याची नव्हे, तर येणे किती दिवसांनी येते, देणे किती दिवसांनी द्यावे लागते, आणि मधल्या दिवसांचे ओझे कोण वाहतो, हे तीवरून सांगणाऱ्याची. असा मनुष्य त्याला कदाचित यंत्राआधी एक साधी गोष्ट सुचविता. लघुउद्योगांसंबंधीच्या २००६ च्या कायद्याने, नोंदणी केलेल्या सूक्ष्म अथवा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत काहीही ठरविली तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावयाचे असतात. मुदत ठरलीच नसेल तर पंधरा दिवसांत. कायदा दाखवून गिऱ्हाईक दुखवावे की नाही, हा व्यवहाराचा प्रश्न आहे, आणि पुष्कळ लहान उत्पादक ते टाळतात. तथापि साठ दिवसांचे पंचेचाळीस दिवस झाले, तरी वरील उदाहरणात आठ लाखांचे येणे सहा लाखांवर येते. दोन लाखांचे कर्ज वाचविणारा सल्ला हा दोन लाखांचे कर्ज मिळवून देणाऱ्या सल्ल्याहून हलका कसा म्हणावा?

सल्लागार निवडण्याचे हे मर्म मोठ्या धंद्यात कसे चालते हे पाहावयाचे झाल्यास, जमशेटजी टाटांच्या चरित्रातील दोन प्रसंग मोठे बोधप्रद आहेत, आणि सुदैवाने दोहोंचा आरंभ विदर्भाच्या भूमीत झाला आहे.

१८७४ साली जमशेटजींनी नागपुरास कापडगिरणी काढण्यासाठी पंधरा लाख रुपये भांडवलाची मंडळी स्थापन केली. त्या काळी गिरणी म्हणजे मुंबई, असे समीकरण होते. कापसाच्या प्रदेशात, रेल्वेच्या कडेला, वरोऱ्याच्या कोळशाच्या टप्प्यात गिरणी असावी, हा त्यांचा हिशेब पुष्कळांना वेडगळपणाचा वाटला. मिळालेली जागा दलदलीची होती व तीत भराव घालावा लागला. नागपूरच्या एका मारवाडी सावकाराकडे भांडवलाची गोष्ट काढली, तेव्हा खड्डा बुजविण्याकरिता जमिनीत सोने ओतणाऱ्यास पैसे देण्याचे त्याने नाकारले. पुढे गिरणी भरभराटीस आली, तेव्हा त्याच सावकाराने कबूल केले, की टाटांनी जमिनीत घातली ती माती, आणि बाहेर काढले ते सोने. ही गोष्ट सावकाराच्या फजितीसाठी सांगितली जाते. परंतु तो मूर्ख नव्हता. माझा पैसा सुरक्षित राहील काय, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर त्याने दिले, आणि सावकाराचे काम तेवढेच असते. गिरणी कोठे असावी हा प्रश्न त्याच्या अधिकाराचा नव्हता. त्याच्या नकारावरून जागेची निवड चुकली असे जमशेटजींनी मानले नाही, यात त्यांचे चातुर्य आहे. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली, आणि त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीस सम्राज्ञी म्हणून घोषित केल्यामुळे तिला एम्प्रेस मिल हे नाव पडले. ती गिरणी आज उरलेली नाही. तथापि शतकाहून अधिक काळ ती चालली.

या गिरणीसाठी जमशेटजींनी जी दोन माणसे निवडली, ती निवड फार विचार करण्याजोगी आहे. व्यवस्थापक म्हणून त्यांनी नेमले बेझनजी दादाभाई मेहता यांस, आणि हे गृहस्थ आले होते रेल्वेच्या नोकरीतून. सूत कसे निघते याची त्यांस माहिती नव्हती. सूतकामाच्या माहितीसाठी निराळा मनुष्य आणला. तो लँकेशायरचा जेम्स ब्रुक्स्बी. माणसे, माल आणि वेळ यांची घडी कशी बसवावी, हा एक प्रश्न. चात्यावर धागा कसा बसावा, हा दुसरा. एकाच मनुष्यास दोन्ही येते असे धरून चालले असते, तर बहुधा दोहोंपैकी एक बिघडले असते. लँकेशायरमध्ये त्या वेळी ‘म्यूल’ नावाच्या यंत्राचा दबदबा होता. ते धागा आधी ओढी व मग गुंडाळी, अशी दोन कामे पाळीपाळीने करी. ‘रिंग’ पद्धतीच्या यंत्रात पीळ भरणे आणि गुंडाळणे अखंड चालते. १८८० नंतरच्या दशकात एम्प्रेस मिलने रिंग यंत्रे प्रयोगादाखल आणून चालवून पाहिली व पुढे ती स्वीकारली. लँकेशायरच्या पुष्कळ गिरण्या मात्र त्यानंतरही अनेक वर्षे म्यूललाच चिकटून राहिल्या. तज्ज्ञ लँकेशायरचा असावा, पण लँकेशायरचा हट्ट नसावा, हे बारीक तारतम्य येथे दिसते.

दुसरा प्रसंग पोलादाचा. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोखंडाविषयी एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल १८८२ साली जमशेटजींच्या वाचनात आला, आणि तेथपासून हा विषय त्यांच्या मनातून गेला नाही. खाणींचे नियम जाचक असल्याने सतरा-अठरा वर्षे काही करता आले नाही. नियम सैल झाल्यावर १९०२ साली ते अमेरिकेस गेले आणि पिट्सबर्ग येथील ज्युलियन केनेडी या नामांकित अभियंत्यास भेटले. केनेडी हा कारखाने उभारणारा मनुष्य. ‘चला, बांधू या’ असे म्हणण्यातच त्याचा प्रत्यक्ष लाभ होता. परंतु त्याने सांगितले ते निराळेच. आधी खनिज, कोळसा, पाणी व वाहतूक यांची शास्त्रीय तपासणी करवून घ्यावी. तीस पुष्कळ खर्च येईल, आणि तो खर्च कदाचित फुकटही जाईल. तसेच ही तपासणी न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिन याने करावी, तो केनेडीने स्वतः नव्हे. जमशेटजींनी पेरिन यास गाठले, आणि पेरिनने आपला सहकारी सी. एम. वेल्ड या भूगर्भतज्ज्ञास हिंदुस्थानात पाठविले.

वेल्ड व जमशेटजींचे पुत्र दोराबजी यांनी चांद्याच्या रानात कष्टाने पाहणी केली. निष्कर्ष निघाला तो निराशेचा: लोखंड उत्तम, परंतु विखुरलेले, मोठ्या कारखान्यास पुरेल असा सलग साठा नाही, आणि जवळच्या कोळशाचा चांगला कोकही होत नाही. वीस वर्षे मनी बाळगलेल्या कल्पनेस पगारी तज्ज्ञाने ‘नाही’ म्हणावे आणि मालकाने ते ऐकावे, हा प्रकार धंद्यात जितका दिसावा तितका दिसत नाही. मालक सामान्यतः दुसरा तज्ज्ञ शोधतात, आणि ‘होय’ म्हणणारा सापडेपर्यंत शोधीत राहतात. जमशेटजींनी तज्ज्ञ बदलला नाही, जागा बदलली.

चांद्याचा नाद सोडल्याचे सरकारी अधिकाऱ्यांस कळविण्याकरिता दोराबजी नागपुरास गेले असता, तेथील संग्रहालयात त्यांस भूगर्भाचा एक नकाशा दिसला आणि त्यावर द्रुग जिल्ह्यात लोखंडाची खूण आढळली. ती नोंद प्रमथनाथ बोस या हिंदी भूगर्भशास्त्रज्ञाने १८८७ साली केली होती, आणि ती इतकी वर्षे कागदात पडून होती. द्रुगचे लोखंड विपुल निघाले; पण सोईचा कोळसा व पाणी नसल्याने तेव्हा तेही बाजूस ठेवावे लागले. (त्याच राजहरा डोंगराच्या खनिजावर पुढे भिलाईचा कारखाना उभा राहिला आणि १९५९ साली त्याची पहिली भट्टी पेटली. ‘आज नको’ आणि ‘कधीच नको’ यांत फरक असतो तो असा.) इतक्यात २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्याच बोसांचे पत्र जमशेटजींस आले. बोस त्या वेळी सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन मयूरभंज संस्थानात काम पाहत होते, आणि तेथील लोखंडाच्या डोंगरांची माहिती त्यांनी आपण होऊन कळविली होती. जमशेटजी त्याच वर्षी मे महिन्यात निवर्तले. परंतु मुलांनी काम सोडले नाही. १९०७ साली मंडळी स्थापन झाली, लंडनच्या भांडवलवाल्यांनी हात आखडता घेतल्यावर हिंदुस्थानातील हजारो लहानमोठ्या भागधारकांनी सुमारे तीन आठवड्यांत भांडवल भरले, आणि १९१२ साली साकची येथे पोलाद निघाले. बारीक पाहिले तर या एका धंद्यास निदान चार तऱ्हेचे मार्गदर्शन लागले: काय करू नये हे सांगणारे, कसे तपासावे हे सांगणारे, कसे बांधावे हे सांगणारे, आणि कोठे पाहावे हे सांगणारे. शेवटचे तर बिनमोल मिळाले, कारण ते देणाऱ्याने आपले आयुष्य त्याच जमिनीच्या अभ्यासात घालविले होते.

मसाल्याचा व्यापारी पिट्सबर्गास जाऊ शकत नाही, हे उघड आहे. त्याच्या आवाक्यातील गोष्ट अशी, की सल्ला देणाऱ्याची मिळकत कोठून होते हे त्याने शांतपणे विचारून घ्यावे. यंत्र विकणाऱ्यास ‘कोणते यंत्र’ हे विचारावे. ‘यंत्र घ्यावे काय’ हे विचारू नये. जागेच्या दलालास भाव विचारावा, शाखा काढण्याची सल्लामसलत त्याच्याशी करू नये. एक गोष्ट तर विशेष सांगावयास हवी, कारण तीत अनेक लहान कारखानदार फसतात. कर्जासाठी बँकेस सादर करण्याचा जो प्रकल्प अहवाल पैसे देऊन लिहवून घेतात, तो सल्ला नव्हे. तो अर्ज होय. त्यातील विक्रीचे आकडे बहुधा उलट्या बाजूने येतात. हप्ता भागून काही शिल्लक दिसली पाहिजे, म्हणून विक्री अमुक हवी, म्हणून ती अमुक लिहिली! लिहिणाऱ्यास हे ठाऊक असते, बँकेसही बरेचसे ठाऊक असते. ठाऊक नसते ते पुष्कळदा मालकास, आणि छापील कागदावर आपले नाव व पाच वर्षांचा चढता नफा पाहून तो बिचारा त्यावर विश्वास ठेवतो.

सरकारी मार्गदर्शनाचीही मर्यादा ओळखलेली बरी. १९७८ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत उद्योग केंद्रे आहेत. अनुदान कोणते, नोंदणी कशी, परवाना कोणाचा, या प्रश्नांची उत्तरे तेथे एका चहाच्या खर्चात मिळतात व ती अवश्य घ्यावीत. पण आपला मसाला कोल्हापुरात खपेल की नाही, हे तेथील अधिकाऱ्याने कसे सांगावे? ते सांगेल त्याच धंद्यात पंधरा-वीस वर्षे घालविलेला मनुष्य. मात्र तो आपल्याच बाजारपेठेतील असेल, तर त्याच्याकडून खरे ऐकण्याची अपेक्षा करणे हे मनुष्यस्वभावास धरून नाही. त्याच धंद्यातला परंतु दोन जिल्हे पलीकडचा, ज्याचे गिऱ्हाईक व आपले गिऱ्हाईक एक नाही, असा अनुभवी गृहस्थ शोधावा. व्यापारी मंडळांचा खरा उपयोग अशा ओळखींसाठी आहे. पुण्याचे मराठा चेंबर १९३४ साली निघाले, त्याच्या मुळाशी लहानमोठ्या उद्योजकांनी एकत्र येण्याची हीच गरज होती. अशा अनुभवी माणसास ‘मी धंदा वाढवू काय?’ असे विचारले, तर तो सौजन्याने ‘वाढवा’ म्हणेल. त्याऐवजी, धंदा दुप्पट झाला त्या वर्षी आधी काय मोडले, हे विचारावे. मग कोणत्या महिन्यात रोकड संपली, कोणता जुना नोकर सोडून गेला, कोणत्या मोठ्या गिऱ्हाइकाने माल परत पाठविला, हे सर्व निघते, आणि ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते.

आता प्रश्न राहतो तो पैसे देऊन आणलेल्या व्यवस्थापन-तज्ज्ञांचा. त्यांच्या सल्ल्याने खरोखर काही होते काय, याची कसोशीने पाहणी महाराष्ट्राच्या उंबरठ्यावरच झालेली आहे. मुंबईजवळ तारापूर व उंबरगाव येथील सतरा कापड-उत्पादकांच्या कारखान्यांत, स्टॅनफर्ड विद्यापीठ व जागतिक बँक यांच्याशी संबंधित अर्थशास्त्रज्ञांनी २००८ पासून हा प्रयोग केला. काही कारखान्यांची एक महिना तपासणी करून दोष तेवढे सांगितले. काहींत, तपासणीनंतर आणखी चार महिने तज्ज्ञ प्रत्यक्ष राहिले व सुधारणा करवून घेतल्या. कोणता कारखाना कोणत्या गटात, हे मालकाच्या पसंतीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले. सल्ला मालकांस फुकट होता.

तज्ज्ञांनी तेथे सुचविलेल्या गोष्टी ऐकून कित्येकांची निराशा होईल. कापडातील दोषांची रोज नोंद करा आणि दोष कोणत्या मागावर व का झाला ते लिहा. माग बिघडण्याची वाट न पाहता ठरल्या दिवशी त्यास तेलपाणी करा. गुदामातील सुताच्या प्रत्येक गाठोड्यावर चिठ्ठी लावा. कामगार, जॉबर व व्यवस्थापक यांनी रोज थोडा वेळ उभ्याउभ्या बोला. यांत नवीन ते काय? आणि तरीही ज्या कारखान्यांत तज्ज्ञ राहिले, त्यांची उत्पादकता पहिल्या वर्षात सतरा टक्क्यांनी वाढली, व तीन वर्षांत त्यांतील मालकांनी आणखी कारखाने उघडले. ज्यांस नुसते दोष सांगून सोडले, त्यांनीही थोडे बदल केले, फार नव्हेत. या साध्या गोष्टी आधीच का केल्या नव्हत्या, असे विचारता, आपला माल इतरांइतकाच चांगला आहे व अधिक नोंदींची गरज नाही, असे अनेक मालकांचे म्हणणे पडले. दोषांचा हिशेबच न ठेवल्याने आपले किती जाते हे त्यांस दिसत नव्हते. शिवाय दुसरा कारखाना काढावयाचा तर तो पाहण्यास घरचा भाऊ अथवा मुलगा हवा, या समजुतीने कित्येकांची वाढ अडली होती; परक्या व्यवस्थापकावर विश्वास टाकता येण्यासाठी ज्या नोंदी हव्यात, त्याच त्यांच्यापाशी नव्हत्या.

२०१७ साली संशोधक पुन्हा त्या कारखान्यांत गेले. नऊ वर्षांपूर्वी स्वीकारलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटून गेल्या होत्या. उरलेल्या निम्म्या चालू होत्या आणि त्याच मालकांच्या इतर कारखान्यांतही पसरल्या होत्या, शेजारच्या मालकांकडे मात्र फारशा गेल्या नव्हत्या. पद्धती सुटण्याची जी कारणे लोकांनी सांगितली, त्यांत दोन वारंवार आली: ज्या व्यवस्थापकाने ते काम शिकून घेतले होते तो नोकरी सोडून गेला, आणि मालकास स्वतः लक्ष घालण्यास वेळ उरला नाही.